हिवाळ्यात कळसूबाई: थंडी नेमकी कुठे लागते आणि का

डिसेंबर-जानेवारीत कळसूबाईला निघालेल्या माणसाला घरातून हमखास ऐकावं लागतं, "वर फार गार असेल, स्वेटर घे." सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. पहाटे पाचला बारी गावात गाडीतून उतरलं की ओढ्याकाठी दात वाजायला लागतात. तासाभराने अर्ध्या चढात तोच स्वेटर कमरेला बांधलेला असतो आणि शर्ट पाठीला चिकटलेला असतो. शिखरावर पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं झकास जातात आणि पंधराव्या मिनिटाला हुडहुडी भरते. कुणी हौसेने तापमापक बरोबर नेला तर गोंधळ आणखी वाढतो, कारण निरभ्र, शांत पहाटे गावातलं तापमान शिखराएवढंच किंवा त्याच्याहूनही कमी निघू शकतं.

मग उंचावर गार असतं हे शाळेत शिकवलेलं खोटं का? खोटं नाही. पण ते दुपारचं सत्य आहे, पहाटेचं वेगळं आहे, आणि आपल्या अंगाला जी थंडी वाजते तिचं गणित या दोन्हींहून वेगळं आहे. ही तीन गणितं नीट कळली की पिशवीत काय भरायचं, किती वाजता निघायचं आणि वर किती वेळ थांबायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

आधी डोंगराची ओळख. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर ते उभं आहे. माथ्यावर कळसूबाईचं छोटंसं देऊळ, नवरात्रात जत्रा. मुख्य वाट घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारी गावातून वर जाते. गावापासून माथ्यापर्यंत उभी चढाई साधारण साडेआठशे मीटर. बेताच्या चालीने तीन तास धरा, सुट्टीच्या दिवशी शिड्यांपाशी रांग लागली तर जास्त.

एक भीती आधीच बाजूला ठेवू. "वर ऑक्सिजन कमी असतो ना?" हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानाने साधारण १८ टक्के कमी असतो. चहाचं पाणी तिथे ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. पण उंचीमुळे होणारा आजार सहसा २५०० मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईच्या चढावर धाप लागते ती चालण्याची सवय नसल्यामुळे. डोंगराला दोष देऊ नका.

दुपारचं गणित

सूर्याची किरणं हवेतून बरीचशी तशीच खाली येतात आणि जमीन तापवतात. जमिनीला टेकलेली हवा जमिनीमुळे तापते, हलकी होते आणि वर निघते. म्हणजे हवेची शेगडी खाली आहे, वर नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण तापलेली हवा वर जातेच आहे, तर मग वरही गरम व्हायला हवं.

इथे दाब येतो. वर गेलं की हवेवर दाबणारी हवा कमी, म्हणून ती पसरते. पसरताना तिला आजूबाजूच्या हवेला ढकलावं लागतं, त्यात तिची स्वतःची उष्णता खर्च होते आणि ती गार होते. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, ते हवा दाबली गेल्यामुळे. डोंगरावर नेमकं त्याच्या उलट घडतं. कोरडी हवा १०० मीटर वर चढली की जवळजवळ एक अंशाने निवते. तिच्यात बाष्प असेल आणि त्याचे ढग व्हायला लागले तर गार होण्याचा वेग कमी पडतो, म्हणून जगभराची सरासरी काढली की ती किलोमीटरला साडेसहा अंश येते.

आपल्याकडे हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. दुपारी जमीन चांगली तापलेली असते आणि खालची-वरची हवा ढवळून निघालेली असते. त्यामुळे त्या वेळी तापमानातली घट दर १०० मीटरला एका अंशाच्या जवळ जाते. बारीत दुपारी दोनला २६ अंश असतील तर माथ्यावर साधारण १८ असतील. आठ अंशांचा फरक. "वर गार असतं" हे विधान या वेळी शंभर टक्के खरं असतं, पण या वेळी माथ्यावर ऊन असतं, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही.

पहाटेचं गणित

सूर्य मावळला की शेगडी विझते. एवढंच नाही, जमीन स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच परत खाली पाठवली असती. हवेत बाष्प भरपूर असतं तरी थोडी अडली असती. डिसेंबरच्या कोरड्या, चांदण्या रात्री अडवणारं फारसं कुणी नसतं. जमीन झपाट्याने निवते आणि तिला टेकलेली हवा तिच्याबरोबर निवते.

गार हवा जड. डोंगराच्या उतारावर गार झालेली हवा पाण्यासारखी खाली घरंगळते, ओढ्या-नाल्यांच्या वाटेने उतरते आणि खोलगट जागी साचते. रात्रभर हे चाललेलं असतं. माथ्यावर निवलेली हवा तिथे थांबतच नाही, तिच्या जागी बाजूची मोकळी हवा येते, आणि ती हवा कुठल्याच जमिनीला टेकलेली नसल्याने फारशी गार झालेली नसते. परिणाम असा की पहाटेपर्यंत खालचा थर गार आणि वरचा त्यामानाने ऊबदार होतो. दिवसाची उतरंड उलटी होते.

मराठी वाचकाला याचं उदाहरण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात भेटतं. "महाबळेश्वरात दवबिंदू गोठले" ही बातमी आठवा. गोठलेले दवबिंदू नेहमी कुठले असतात? वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याचे. म्हणजे सखल भागातले. त्याच सकाळी महाबळेश्वरच्या बाजारपेठेत तापमान कित्येक अंश जास्त असतं आणि पर्यटक विचारत असतात की बर्फ कुठे आहे. दुसरं उदाहरण निफाडचं. निफाड काही डोंगरावर नाही, सपाट बागायती मुलूख आहे, तरी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा नाशिक शहराच्या खाली गेल्याची बातमी ठरलेली. तिथले द्राक्षबागायतदार अशा रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबकचं पाणी सोडतात. घडाला तडे जाऊ नयेत म्हणून चाललेली ती धडपड जमिनीलगतच्या या पातळ गार थराशीच असते.

हवेचं तापमान चार-पाच अंश असताना दव गोठतं कसं, हा प्रश्न याच बातमीवरून पडतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, पांढऱ्या झडपांच्या पेटीत असतो. गवताचं पातं मात्र उघड्यावर, थेट आकाशाकडे तोंड करून उष्णता घालवत असतं. ते आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतं. पेटीत चार अंश आणि पात्यावर शून्य, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

बारीला आदल्या रात्री मुक्कामाला जाणाऱ्यांनी यातून एक धडा घ्यावा. ओढ्याकाठची सपाट, मऊ जागा तंबूला सुरेख वाटते, पण गार हवा साचण्याची जागा तीच. तिथे पहाटे तंबूही दवाने चिंब मिळतो. पंचवीस-तीस मीटर वर, उताराच्या एखाद्या टप्प्यावर झोपलात तर रात्र बरी जाते. गावातली जुनी घरं बहुतेक ओढ्यापासून जरा उंचावर दिसतात, ती काही फक्त पावसाळ्यातल्या पुराच्या भीतीने नसावीत असं मला वाटतं.

याच उलट्या उतरंडीमुळे पहाटे माथ्यावरून दिसणारं दृश्यही ठरतं. खालचा गार थर जड असल्यामुळे वर येऊ शकत नाही. गावांचा धूर, धूळ आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावरचं धुकं त्याच्यातच अडकून राहतं. तुम्ही त्या थराच्या वर उभे असता. म्हणून सकाळी अलंग, मदन, कुलंग, रतनगड कोरल्यासारखे दिसतात. दहा-अकरानंतर जमीन तापते, थर फुटतो, खालची धूळ वर पसरते आणि तेच डोंगर फिके पडतात. हरिश्चंद्रगड नीट बघायचा असेल तर दुपारी बारापर्यंत वाट पाहू नका.

आपल्या अंगाचं गणित

आता तिसरा हिशोब, आणि माझ्या मते खरा महत्त्वाचा. थंडी वाजणं म्हणजे अंगात तयार होणाऱ्या उष्णतेपेक्षा बाहेर जाणारी उष्णता जास्त होणं. बाहेर किती अंश आहे हा त्या हिशोबातला एकच आकडा.

७० किलोच्या माणसाने स्वतःला ८५० मीटर वर नेलं तर निव्वळ उचलण्याचं काम साधारण १४० किलोकॅलरी भरतं. पण स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामाला लावतात. म्हणजे खर्च झाल्या ५६० आणि त्यातल्या ४२० उष्णता होऊन अंगात राहिल्या. त्या बाहेर टाकल्याच पाहिजेत, नाहीतर ताप चढेल. सगळ्या घामावाटे टाकायच्या म्हटलं तर पाऊण लिटर घाम वाळवावा लागेल. बसलेल्या माणसाचं शरीर शंभरेक वॅट उष्णता देतं. चढताना तेच अडीचशेच्या घरात जातं. म्हणून आठ-दहा अंशांच्या पहाटेही चढावर स्वेटर नकोसा होतो.

कळसूबाईचा चढ सलग नाही, आणि याला कारण आहे दगड. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहिलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला. टणक थराचा कडा राहिला, ठिसूळ थर झिजून त्याचं पठार किंवा सौम्य उतार झाला. त्यामुळे वाट पायऱ्यापायऱ्यांनी चढते: दमवणारा खडा टप्पा, मग जरा सपाटी, पुन्हा कडा. लोखंडी शिड्या आहेत त्या अशाच कड्यांवर. खड्या टप्प्यात घाम निघतो, सपाटीवर उष्णता कमी तयार होते आणि वारा लागतो. शिवाय शिडीपाशी गर्दी असेल तर घामाने ओले झालेले तुम्ही रांगेत निवांत उभे राहता. दिवसभरातली निम्मी थंडी या रांगांमध्येच लागते, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

आता सुती कपड्यांचं पाहू. कपडा ऊब देतो तो आपल्या धाग्यांत अडकवलेल्या स्थिर हवेमुळे. सुती कपडा घाम पिऊन घेतो, त्यातल्या हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीसेक पटीहून जास्त सहजतेने उष्णता वाहून नेतं. वरून तो घाम वाळताना प्रत्येक ग्रॅममागे अर्ध्या किलोकॅलरीहून जास्त उष्णता अंगातून काढून घेतो. चढताना हे हवं असतं. थांबल्यावर तेच चालू राहतं, आणि तयार होणारी उष्णता मात्र निम्म्याहून खाली आलेली असते. पंधराव्या मिनिटाची हुडहुडी ती ही. जाड सुती हूडी आणि जीन्स हा कळसूबाईवर सर्वात जास्त दिसणारा पोशाख आहे आणि हिवाळ्यासाठी तोच सर्वात वाईट आहे. जीन्स एकदा ओली झाली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही.

उपाय महागडा नाही. अंगाला चिकटून खेळाडू घालतात तसा पटकन वाळणारा टी-शर्ट, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, आणि पिशवीत वारा अडवणारं पातळ विंडचीटर. लोकर ओलसर झाली तरी धाग्यांत हवा धरून ठेवते. घोंगडी पावसातही का चालते त्याचं उत्तर इथेच आहे. निघताना जरा गार वाटेल इतकेच कपडे घाला. पहिल्या दहा मिनिटांत ऊब येते. निघतानाच ऊबदार वाटत असेल तर वीस मिनिटांत तुम्ही भिजलेले असाल. आणि एक साधी गोष्ट, जिला मी बाकी सगळ्याच्या वर ठेवतो: एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्या आणि माथ्यावर पोहोचल्या पोहोचल्या, फोटो काढायच्या आधी, ओला बदलून तो घाला. लाज वाटत असेल तर देवळाच्या आडोशाला बदला.

वारा

त्वचेलगत हवेचा एक अगदी पातळ थर असतो, शरीराने तापवलेला. वारा तो थर सतत पुसून काढतो आणि शरीराला नवा थर तापवावा लागतो. म्हणून तेवढ्याच तापमानाला वाऱ्यात जास्त गार वाटतं. याचं मोजमाप करणारं सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये नव्याने ठरवलं. त्याला विंड चिल म्हणतात. त्या सूत्राने हवा १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या चेहऱ्याला साडेसहा अंशांसारखं वाटतं. हवा ५ अंश आणि वारा ताशी ४० असेल तर शून्याच्या किंचित खाली.

या आकड्याचा लोक एक चुकीचा अर्थ लावतात. वाटणारं तापमान शून्याखाली गेलं म्हणून बाटलीतलं पाणी गोठत नाही. हवा ५ अंश असेल तर पाणी कितीही वारा सुटला तरी ५ अंशांच्या खाली जात नाही, फक्त तिथवर लवकर पोहोचतं. वारा उष्णता पळवण्याचा वेग वाढवतो, शेवटचा मुक्काम तोच राहतो. (ओलं कापड वाऱ्यात धरलं तर गोष्ट निराळी, तिथे पाणी वाळतं आणि म्हणून कापड हवेहून गार होतं. भिजलेला शर्ट त्यातच मोडतो.)

माथ्यावर वारा जास्त का? खाली झाडं, घरं, टेकड्या वाऱ्याला अडवतात. रात्री तर गार हवेचा तो जड थर जमिनीला धरून बसतो आणि वरचा वारा खालच्या थराशी जवळपास फारकत घेतो. घर्षण सुटल्यामुळे वरचा वारा रात्री उलट जोर धरू शकतो. बारीत पान हलत नाही आणि माथ्यावर टोपी उडते, हे दोन्ही एकाच रात्रीचं असतं. म्हणजे पहाटे खाली तापमान कमी आणि वारा नाही, वर तापमान जरा जास्त आणि वारा भरपूर. अंगाच्या हिशोबात वरची जागा गार ठरते. तापमापक आणि माणूस यांचं इथे जमत नाही, आणि दोघंही आपापल्या परीने बरोबर असतात.

वाऱ्यापासून सुटका मिळवायला माथ्याच्या टोकावर बसू नये. दोन-तीन मीटर खाली, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, खडकाच्या आड बसा. कान, मान, मनगटं झाका. खाली बसताना पाठपिशवी किंवा चटई बुडाखाली घ्या. रात्रभर निवलेला कातळ तुमची ऊब थेट ओढून घेतो, आणि हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

सूर्योदयाचा अट्टहास

कळसूबाईवर सूर्योदय बघण्यासाठी लोक रात्री दोनला चढायला लागतात. २२ डिसेंबरच्या आसपास इथे सूर्य सातनंतर उगवतो. दोनला निघालेला माणूस पाचला माथ्यावर असतो. मग घामाने ओला होऊन दोन तास वाऱ्यात बसतो, आणि तेही दिवसातल्या सर्वात गार वेळी. सर्वात गार वेळ मध्यरात्र नव्हे. जमीन उष्णता सोडतच असते, ती सूर्य वर येऊन उन्हाची आवक या गळतीहून जास्त होईपर्यंत. म्हणून पारा सर्वात खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमाराला, कधी त्याच्या थोडा नंतरही.

आणि गंमत म्हणजे बारीची वाट डोंगराच्या पूर्व अंगाने चढते. सूर्योदय त्या वाटेवर जवळपास कुठूनही दिसतो. पाचला निघा, वरच्या एखाद्या टप्प्यावर चालता चालता, ऊबदार अंगाने तो बघा आणि ऊन अंगावर घेत माथा गाठा. माथ्याचं वेगळेपण एवढंच की क्षितिज खाली गेल्यामुळे सूर्य तिथे सपाटीपेक्षा चार-पाच मिनिटं आधी दिसतो. चार-पाच मिनिटांसाठी दोन तास कुडकुडायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मला परवडत नाही.

वेळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. सर्वात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, जेमतेम ११ तासांचा, पण सूर्य सर्वात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाला पाच मिनिटं कमी असताना. आणि सर्वात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सात-दहाच्या पुढे. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वात जवळ असल्याने कक्षेत जरा वेगाने फिरते. या दोन्हींमुळे या काळात खरी माध्यान्ह घड्याळात रोज थोडी पुढे सरकते. ट्रेकवाल्याच्या दृष्टीने अर्थ असा: नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळ आखूड, जानेवारीत सकाळ उशिरा.

पण बारीच्या वाटेवर घड्याळातला सूर्यास्त कामाचा नाही. वाट पूर्वेला, डोंगर पश्चिमेला. दुपार कलली की सूर्य शिखरामागे जातो आणि सगळी वाट सावलीत येते, पंचांगातल्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधी. सावली पडली की उतार लगेच निवायला लागतो. म्हणून मी माथा सोडण्याची वेळ उशिरात उशिरा दुपारी दोन धरतो आणि डोक्याला बांधायची विजेरी दिवसाच्या ट्रेकलाही नेतो. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नका. एक तर थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, आणि शिडी उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात.

उतरताना

उतरताना स्नायू ब्रेक लावण्याचं काम करतात. चढण्यापेक्षा ऊर्जा कमी लागते, उष्णता कमी तयार होते. म्हणजे सकाळी ज्या कपड्यांत ऊब होती त्यातच उतरताना गार वाटू शकतं. त्यात हिवाळ्यातला मुरूम सुटा झालेला असतो, वाळलेलं गवत पायाखाली झोपतं आणि घसाऱ्यावर पाय निसटतो. पावसाळ्यातल्या शेवाळाची सगळ्यांना धास्ती असते, कोरड्या घसाऱ्याची नसते, आणि ढोपरं इथेच फुटतात.

पाण्याचंही असंच. थंडीत तहान कमी लागते, पण कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो आणि श्वासावाटे पाणी जातच असतं. माणशी दोन ते तीन लिटर न्या आणि तहान लागायची वाट न बघता पीत राहा. वाटेवरच्या टपऱ्यांत लिंबू सरबत, चहा मिळतो; मधल्या वारी तो मिळेलच असं धरून चालू नका.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा, थकवा आणि रिकामं पोट एकत्र आलं तर आठ-दहा अंशांतही ते होऊ शकतं. आधी जोराची थरथर, मग बोटांना चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, चालताना तोल जातो, आणि माणूस म्हणायला लागतो, "मला इथेच बसू दे जरा." थरथर आपोआप थांबली आणि माणूस सुस्त झाला तर ते बरं वाटण्याचं लक्षण नव्हे; ती सर्वात वाईट खूण आहे. त्याला वाऱ्याआड घ्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, दोघांच्या मध्ये बसवा, शुद्धीत असेल तर गोड, कोमट काहीतरी पाजा आणि मदत बोलवा. दारू अजिबात नको. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त बाहेर येतं, माणसाला ऊब वाटते आणि नेमकी तेव्हाच उष्णता भराभर बाहेर जात असते. ३१ डिसेंबरच्या रात्री डोंगरावर हे मुद्दाम सांगावं लागतं.

लहान मुलांचं वजनाच्या मानाने अंग जास्त उघडं असतं, म्हणून ती मोठ्यांच्या आधी गारठतात, आणि खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. "थंडी वाजतेय का?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं. दर थांब्यावर त्यांची बोटं हातात घेऊन बघा.

राहता राहिली शेकोटी. गारठलेल्या टोळक्याला वर काटक्या गोळा करून पेटवायचा मोह होतोच. हा सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून, आणि तिथे आग पेटवायला मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी डिसेंबरनंतर उतारावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, माथ्यावर वारा असतो, आणि वणवा उताराने वरच्या बाजूला सर्वात वेगाने धावतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. खालच्या टप्प्यावर कुणी पेटवलेली काटकी वर शिडीच्या रांगेत उभ्या असलेल्यांकडे येते. शेकायचं असेल तर बारीत उतरा, ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी सांगितली आहे त्यांच्या चुलीपुढे बसा.